आमचा ओत्स वेगळा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच दिवशी हिवाळा सुरू होतो, असं मला तालिनमध्ये, एस्टोनियाच्या राजधानीत, आल्यापासून दर वर्षी वाटतं. साडेचारलाच दिवेलागण. कोटाला लटकवायचे ते चमकणारे बिल्ले कपाटातून बाहेर निघतात. अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून इथे ते लावावेच लागतात. त्या रविवारी मी बाल्ती याम, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनाजवळच्या बाजारात वरच्या मजल्यावर गेले, ती खरं तर ऊब शोधत. तिथे जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. लेनिनचे बिल्ले, काळे पडलेले चमचे, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, आणि सगळ्यावर एक दमट लोकर वाळत घातल्यासारखा वास. एका खोक्यात ग्रामोफोनच्या तबकड्या उभ्या लावल्या होत्या. त्यातल्या एकीच्या कव्हरवरच्या माणसाचा चेहरा मला ओळखीचा वाटला, आणि मी या देशातल्या कुणालाच चेहऱ्यानं ओळखत नसल्यामुळे त्याचं नवल वाटलं. मागे वळवलेले केस, रुंद कपाळ, डोळ्यांत थोडं हसू. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांच्या जाहिरातीत शोभला असता. दोन युरो दिले आणि तबकडी काखोटीला मारून घरी आले. वाजवायला माझ्याकडे काही नव्हतं, हे जिन्यात आल्यावर लक्षात आलं.

आमची इमारत मुस्तामॅ भागातली, साठच्या दशकातली. पाच मजले, लिफ्ट नाही. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रशियन आजी भेटल्या, त्यांनी कव्हर पाहिलं आणि हातातली पिशवी पायरीवर ठेवून दिली. "मिस्तेर इक्स!" म्हणाल्या, आणि ती तबकडी माझ्या हातातून घेऊन छातीशी धरली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या एस्टोनियन आजी दार उघडून कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. मी उत्साहानं, माझ्या मोडक्यातोडक्या एस्टोनियनमध्ये, त्यांनाही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कव्हरवरची अक्षरं वाचली, आणि तो परत वर ढकलला.

"हे रशियनमधलं आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, खाली उतरता उतरता, "आमचा ओत्स वेगळा."

हे वाक्य मला सलत राहिलं. त्यात राग नव्हता. चुकून आपल्या दारात आलेलं शेजाऱ्याचं पत्र परत करावं, तसा सूर होता. कव्हरवर होता गेओर्ग ओत्स, सोव्हिएत काळातला एस्टोनियन गायक. एकच माणूस, एकच गळा. मग वेगळा कसा?

या दोन्ही आजी एकमेकींच्या डोक्यावर आणि पायाखाली पन्नास वर्षं राहताहेत. रशियन आजी व्होल्गाकाठच्या एका गावातून इथे कारखान्यात कामाला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्या मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणतात. एस्टोनियन आजी चार वर्षांनंतरही 'तुम्ही' म्हणतात, आणि तेही बोलल्या तरच. रशियन आजींशी माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कुठली हे कळताच त्यांनी जिन्यातच दोन्ही हात पसरून राज कपूरचं गाणं म्हणायला सुरुवात केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. 'आवारा' १९५४ साली सोव्हिएत थिएटरांत लागला आणि तिथल्या एका अख्ख्या पिढीनं तो डोक्यावर घेतला, हे वाचून माहीत होतं. तो जिन्यात अंगावर येईल हे माहीत नव्हतं. गंमत म्हणजे आजी 'आवारा हूँ' म्हणत नाहीत, 'आवारा या' म्हणतात. रशियनमध्ये 'या' म्हणजे 'मी'. शब्द कळला नाही तिथे त्यांच्या कानानं आपल्या भाषेतला एक बसवून दिला, आणि योगायोगानं तो अर्थालाही चुकला नाही. त्याच वयात, बारा वर्षांच्या असताना, गावातल्या क्लबात पांढऱ्या चादरीवर त्यांनी ओत्सचा 'मिस्तेर इक्स' हा चित्रपट पाहिला. राज कपूर आणि गेओर्ग ओत्स त्यांच्या मनात शेजारी-शेजारीच राहतात.

त्या रात्री मी तो चित्रपट मोबाइलवर पाहिला. १९५८ सालचा, लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओतला. मूळ गोष्ट इम्रे कालमानच्या ऑपेरेटाची, १९२६ साली व्हिएन्नात पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या. ऑपेरेटा म्हणजे काय हे समजवायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत. बोलता बोलता माणसं गायला लागतात, कथा पदासाठी थांबते, आणि प्रेक्षकही पदासाठीच आलेला असतो. एक खानदानी तरुण परिस्थितीनं सर्कशीत येतो, काळा मुखवटा लावून जीवघेणे खेळ करतो, आणि त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नसतं. कथेत दम नाही, खरं सांगायचं तर. सेट पुठ्ठ्याचे वाटतात, विनोदी पात्रं जरा जास्तच विनोदी आहेत. पण तो मुखवटेवाला एकटा उभा राहून आपण विदूषक असल्याचं, सर्कशीतला माणूस असल्याचं गाणं म्हणतो तेव्हा मी उठून बसले. मला पाश्चात्त्य शास्त्रीय गायकीची भीतीच वाटते. तो ताणलेला गळा, ती काचा फोडणारी टीप. इथे तसं काही नव्हतं. हा बॅरिटोन, म्हणजे खर्जाकडे झुकलेला मधल्या पट्टीचा आवाज, पण खर्जाचा दिमाख न दाखवणारा. घशात जोर नाही, शब्दाला धक्का नाही. एखाद्यानं आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसून, फक्त आपल्यालाच काहीतरी सांगावं, तसं. आणि अभिनयही तसाच, हातवारे जवळजवळ नाहीतच. चेहरा अर्धा झाकलेला असूनही सगळं हनुवटीतून आणि मानेतून कळतं. मी ते गाणं चार वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होते, एकही शब्द येत नसताना.

मग मी त्याच्या मागे लागले, माझ्या स्वभावाप्रमाणे.

जन्म १९२० चा, पेत्रोग्राडचा. म्हणजे एस्टोनियाचा हा लाडका आवाज रशियात जन्मला, हे पहिल्याच ओळीत. वडील कार्ल ओत्स स्वतः गायक. कुटुंब तालिनला आलं, मुलगा इथल्या फ्रेंच शाळेत शिकला, आणि गाण्यापेक्षा पोहण्यात रमला. नुसता रमला नाही, देशपातळीवर जिंकला. मला हे पोहणं त्याच्या गाण्यात ऐकू येतं असा माझा एक हट्टी समज आहे. श्वास कुठे घेतला ते कळतच नाही. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली, १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य येऊ लागलं, आणि सोव्हिएत लष्करानं माघार घेता घेता ३०,००० हून अधिक एस्टोनियन पुरुष भरती करून रशियात नेले. त्यांतल्या पुष्कळांच्या हाती बंदूक आलीच नाही, जंगलतोडीच्या छावण्यांत थंडीनं आणि भुकेनं मेले. ओत्स त्या भरतीत होता. त्याला नेणाऱ्या जहाजावर बॉम्ब पडले आणि तो पाण्यात राहून वाचला, असं सांगितलं जातं. पोहणाऱ्याच्या चरित्रात अशी गोष्ट इतकी चपखल बसते की तिच्यावर विश्वास ठेवायला मन कचरतं. पण बाल्टिकच्या पाण्यात मी एकदा ऑगस्टमध्ये, सगळे म्हणत होते 'आज छान गरम आहे' त्या दिवशी, गुडघ्यापर्यंत उतरले आहे. त्यामुळे ती गोष्ट वाचताना पोटऱ्यांत कळ येते एवढं नक्की.

पुढे यारोस्लाव्हल. तिथे रशियात नेलेल्या एस्टोनियन कलावंतांची पथकं उभी केली होती, गायक, वादक, नट, नाचणारे. सैनिकांपुढे, इस्पितळांत कार्यक्रम करायचे. ओत्स तिथे समूहगायनात उभा राहिला. गुस्ताव एर्नेसाक्स तिथेच होता. एस्टोनियाच्या गीतमहोत्सवात सगळ्यांच्या शेवटी, उभं राहून, डोळे पुसत जे गाणं हजारो लोक म्हणतात त्याची चाल याच माणसाची, आणि ती त्यानं १९४४ मध्ये केली. घर दूर, घराचं काय झालं ठाऊक नाही, आणि रिकाम्या पोटी गाणं. ओत्स गायक झाला तो असा. तालिनमध्ये त्याची पहिली बायको होती. युद्धानं ते लग्न मोडलं, ती पश्चिमेकडे गेली. त्याच १९४४ च्या मार्चमध्ये सोव्हिएत विमानांनी तालिनवर बॉम्ब टाकले, आणि लोकवर्गणीतून उभं राहिलेलं 'एस्टोनिया' थिएटर जळून गेलं. वर्ष संपायच्या आत सोव्हिएत सैन्यामागून परत आलेल्या ओत्सनं त्याच थिएटरच्या मंडळीत कामाला सुरुवात केली. जाळणारे कोण आणि परत आणणारे कोण, हा हिशेब त्यानं मनात कसा मांडला असेल? मांडलाही नसेल. चोवीस वर्षांचा होता, गळा होता, आणि जिवंत होता. संगीत विद्यालयात तीत कूसिककडे रीतसर शिकून १९५१ मध्ये बाहेर पडला, तेव्हा तो नामवंत झालेलाच होता.

त्याच वर्षीच्या एका चित्रपटाशी मात्र माझं अडलं. 'कोर्दीतला प्रकाश'. रंगीत आहे, देखणा आहे. ओत्स त्यात पाउल रुंगे नावाचा शेतकरी सैनिक झालाय. युद्धावरून गावी परततो, गावकऱ्यांना सामूहिक शेतीचं महत्त्व पटवतो, वाईट जमीनदार हरतात, पाणथळ जमिनीचा निचरा होतो, सूर्य उगवतो. या भूमिकेसाठी त्याला १९५२ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं. एक आधीच, १९५० मध्ये, मिळालेलं होतं. आता याच्या शेजारी एक तारीख ठेवते. २५ मार्च १९४९. त्या दिवशी पहाटे एस्टोनियातल्या गावागावांतून २०,००० हून जास्त लोक, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, मालगाड्यांत भरून सैबेरियाला पाठवली गेली. उरलेल्यांनी पुढच्या काही आठवड्यांत मुकाट्यानं सामूहिक शेतीच्या कागदांवर सह्या केल्या. पटवून देण्याची तीच पद्धत होती. चित्रपटात ती अर्थातच नाही. चित्रपटात ओत्स आहे, उन्हात, उघड्या कपाळावर वारा घेत. मी पाऊण तासानं थांबवला. वाईट होता म्हणून नव्हे. त्याचा आवाज तितकाच खरा वाटत होता, म्हणून.

एस्टोनियन आजींसमोर '१९४९' हा आकडा मी एकदाच उच्चारला, तोही व्याकरणाच्या नादात, सालं कशी वाचायची ते विचारताना. त्यांनी आकडा नीट म्हणून दाखवला आणि विचारलं, खिडकीच्या फटीत कापूस भरलात का, यंदा थंडी लवकर येणार.

इथे लेखाला मुखवट्याचं रूपक लावून मोकळं होता येईल. सदा मुखवट्यात राहणारा मिस्टर एक्स म्हणजेच हुकूमशाहीत गाणारा ओत्स, वगैरे. बरेच जण लावतात. मला ते फार सोपं वाटतं. मुखवट्याखाली एक 'खरा' ओत्स लपला होता, आणि तो आतून धुमसत होता, हे आपल्याला हवं असतं, कारण मग त्याचं गाणं आवडून घ्यायला अडचण राहत नाही. पण तसा पुरावा काय? माणूस रोज सकाळी उठून रियाझाला जात होता. ऑपेरांमधला ओनेगिन गायला, रिगोलेत्तो गायला, रुबिनश्टाइनचा 'दैत्य' गायला, त्यासाठी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात पाहुणा म्हणून जात होता. पोर्गी गायला. एस्टोनियन, रशियन, फिनिश, जर्मन, ज्या भाषेत गायला त्या भाषेतल्या लोकांना तो आपला वाटला. १९६० मध्ये सोव्हिएत संघाचा 'लोककलावंत' झाला, त्याहून मोठा किताब गायकाला नव्हता. तो भित्रा होता का, श्रद्धाळू होता का, की नुसताच कामात बुडालेला होता? तिन्ही थोडंथोडं असू शकतं. आपल्या ओळखीची बहुतेक माणसं तशीच असतात, नाही का.

आणि वर फिनलंडचा तिसरा दावा आहेच. माझ्या ऑफिसातला एक फिनिश सहकारी, साठीला आलेला, दर सोमवारी हेलसिंकीहून बोटीनं येतो. त्याला मी सहज विचारलं, गेओर्ग ओत्स ऐकलायस? तो म्हणाला, "ऐकलाय? माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला त्याचंच गाणं लावलं होतं." जगण्यावर प्रेम असल्याचं ते गाणं मूळ रशियन, ओत्सनं फिनिशमध्ये म्हटलं, आणि फिनलंडमध्ये ते घरोघर पोचलं. तालिन ते हेलसिंकी जेमतेम ऐंशी किलोमीटर समुद्र. तो समुद्र युद्धानंतर वीस वर्षं बंद होता. १९६४ मध्ये फिनलंडचे अध्यक्ष केक्कोनेन इथे आले, १९६५ मध्ये प्रवासी बोट पुन्हा सुरू झाली. त्याच्याही आधीपासून हा आवाज पाण्यावरून ये-जा करत होता. सहकाऱ्याला तो एस्टोनियन आहे हे माहीत होतं, सोव्हिएत आहे हेही माहीत होतं. "पण आमच्या घरी तो फिनिशच बोलायचा," असं तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी स्वतः दहावीपर्यंत गणपतीच्या आरतीत 'फळीवर वंदना' म्हणत होते. फणिवर म्हणजे नाग, आणि तो कमरेला बांधलेला, हे कुणी सांगितलंच नाही. आमच्या घरी गणपती खरोखर फळीवर बसायचा, त्यामुळे शंका यायचं कारणही नव्हतं. पुढे बरोबर शब्द कळला, तो आता म्हणते, पण डोळ्यांपुढे अजून ती फळीच येते. तिच्यावरचा हिरवा ऑइलपेंट, आणि खिळ्याला अडकवलेली घंटा. गाणं माणसाच्या आत शब्दांनी जातं की शब्दांना चुकवून जातं, मला अजून कळलेलं नाही.

दोन नोव्हेंबरला इथे आपल्या सर्वपित्रीसारखा दिवस असतो. लोक खिडकीत मेणबत्ती लावतात, दफनभूमीत जातात. त्या संध्याकाळी मी बस पकडून मेत्साकाल्मिस्तूला गेले. नावाचा अर्थच 'वनातली दफनभूमी'. उंच पाइन वृक्ष, मधून पायवाटा, थडगी जमिनीसरशी बुटकी, आणि सगळीकडे काचेच्या पेल्यांत थरथरणाऱ्या ज्योती. वाकलेली माणसं, हातमोजे काढून काडी ओढणारी. बोलणं जवळजवळ नाही. ओल्या शेवाळाचा आणि मेणाचा वास. बुद्धिबळवाला पाउल केरेस इथे आहे, तो जूनमध्ये गेला आणि ओत्स सप्टेंबरमध्ये, दोघेही १९७५ साली. लहानशा देशानं एका उन्हाळ्यात दोन माणसं हरवली. सारेमा या एस्टोनियन बेटाच्या वॉल्ट्झची, म्हणजे जोडीनं नाचायच्या गाण्याची, चाल बांधणारा राइमंड वाल्ग्रेही इथेच आहे. ओत्सपुढे बऱ्याच ज्योती होत्या. मी माझी त्यांत ठेवली आणि उगाच चोरट्यासारखी इकडेतिकडे पाहिलं. माझं इथे काय काम, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?

त्याच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचताना मात्र माझं हे तपासनिसाचं मन गप्प होतं. मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाल्या. एक डोळा काढावा लागला. देखणेपणावर ज्याचं अर्धं आयुष्य उभं होतं, ज्याच्या चेहऱ्यावर अख्ख्या सोव्हिएत संघातल्या मुली जीव टाकत होत्या, त्याचा डोळा. तरी तो गात राहिला. आजार उघड होण्याच्या थोडं आधी, १९७१ मध्ये, 'एस्टोनिया' थिएटरात त्यानं 'ला मांचाचा माणूस' या संगीतिकेत दोन किहोते केला होता. पवनचक्क्यांशी लढणारा म्हातारा सरदार. ती भूमिका पाहिलेले लोक अजून भेटतात, आणि भेटले की आवाज खाली आणून बोलतात. एस्टोनियन आजींनी ती पाहिली आहे. "तिकिटासाठी रात्री रांगेत उभं राहावं लागलं," एवढंच त्या म्हणाल्या. कशी होती असं विचारल्यावर त्यांनी खांदे किंचित उचलले. एस्टोनियन माणसाच्या बाबतीत याचा अर्थ 'शब्द नाहीत' असा घ्यायचा, हे आता मला कळायला लागलंय. गेला तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता.

त्याच्या नावाचं पुढे काय काय झालं, तीही एक कादंबरीच. पोलंडमध्ये बांधलेली एक मोठी पांढरी बोट १९८० मध्ये तालिन–हेलसिंकी मार्गावर 'गेओर्ग ओत्स' नावानं धावू लागली. दारू स्वस्त म्हणून इकडे येणारे फिनिश प्रवासी तिच्यावर इतके झिंगायचे, की एका पिढीला ते नाव ऐकलं की गाणं आठवत नाही, रेलिंगला टेकलेला कुणीतरी आठवतो. १९८६ च्या ऑक्टोबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह आइसलंडमध्ये भेटले, तेव्हा सोव्हिएत मंडळींची राहायची सोय म्हणून हीच बोट रेक्याविकच्या बंदरात उभी होती. महायुद्ध होणार की नाही याची कुजबुज ओत्सच्या पोटात झाली म्हणायची. नंतर ती रशियाकडे गेली, फिरत फिरत पार व्लादिवोस्तोकपर्यंत. तालिनमधलं त्याच्या नावाचं संगीत विद्यालय काही वर्षांपूर्वी इतर शाळांत विलीन झालं. २००७ मध्ये पेटर सिम्म या दिग्दर्शकानं 'गेओर्ग' नावाचा चरित्रपट केला. त्यात ओत्सची भूमिका मार्को मात्वेरेनं केली, तोही नट आणि गायक. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तालिनच्या मध्यवस्तीतला लाल सैनिकाचा कांस्यपुतळा हलवण्यावरून दोन रात्री दंगल पेटली होती. दुकानांच्या काचा रस्त्यावर, एका बाजूला रशियन बोलणारे, दुसरीकडे एस्टोनियन. दोन्ही बाजूंच्या घरांत त्या वेळी ओत्सच्या तबकड्या असणार. दोन्हीकडे आपापल्या.

माझी तबकडी तेव्हापासून रशियन आजींकडेच होती. त्यांच्याकडे रिगामध्ये बनलेला जुना 'रिगोंदा' आहे, लाकडी पायांचा, रेडिओ आणि ग्रामोफोन एकत्र असलेला, वर विणलेला रुमाल. त्याची सुई गेली होती. नातू नवीन वर्षानंतर कुठूनतरी सुई घेऊन आला, आणि जानेवारीतल्या एका दुपारी आजींनी मला वर बोलावलं. टेबलावर मुरांबा, काळा चहा, खिडकीबाहेर बर्फ. मिस्टर एक्ससाठी आजींनी लिपस्टिक लावली होती. तबकडी फिरायला लागली, खरखर झाली, आणि अकॉर्डियन वाजलं.

मिस्टर एक्स नव्हता. वॉल्ट्झ होता. सारेमा बेटाचा वॉल्ट्झ, एस्टोनियनमध्ये. कुणीतरी कधीतरी या कव्हरात दुसरीच तबकडी घालून ठेवली होती. मी, दुकानदार, या आजी, त्या आजी, सगळ्यांनी कव्हर वाचलं होतं. तबकडी बाहेर काढून कुणीच पाहिली नव्हती.

मला वाटलं आजी हिरमुसतील. त्या गायला लागल्या. पहिल्या ओळीपासून, न अडखळता, एस्टोनियनमध्ये. ज्या बाईला पन्नास वर्षांत इथल्या दवाखान्यात एस्टोनियन बोलायला नातू लागतो, ती. कारखान्याच्या सहलींत, बसमध्ये, सगळे म्हणायचे, त्या म्हणाल्या. उन्हाळ्याची उजळ रात्र, कुरणातला नाच, पिवळ्याधमक केसांची मुलगी. एवढं त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. बाकी शब्द नुसतेच पाठ. गाणं संपल्यावर त्यांनी सुई उचलली आणि मला एक शब्द विचारला. कुल्दतॅर्न. काय असतं ते? मला आलं नाही. "खालच्या बाईंना विचारशील?" त्या म्हणाल्या. "मी विचारलं तर बरं दिसत नाही."

मी दोन मजले उतरून बेल वाजवली. एस्टोनियन आजींनी दार अर्धवट उघडलं. मी शब्द विचारला, कुठल्या गाण्यातला तेही सांगितलं. त्यांनी वर, जिन्याकडे पाहिलं. भिंती पातळ आहेत. त्यांनी ऐकलेलंच होतं.

"सोनेरी तारा," त्या म्हणाल्या. "सैनिकाच्या छातीवरचा. सोनेरी तारा लावलेला तरुण सैनिक मुलीला नाचायला मागतो, अशी ओळ आहे." जरा थांबल्या. "आमच्या आईला ते गाणं फार आवडायचं. रेडिओवर ओत्स लागला की पीठ मळायची थांबायची. पण त्या ओळीला ती शब्द म्हणायची नाही. तिथे नुसतं गुणगुणायची. आम्हीही मग तसंच शिकलो." आणि त्यांनी ती ओळ गुणगुणून दाखवली, ओठ मिटून, अगदी सुरात.

मी वर गेले आणि अर्थ सांगितला. आईचं आणि गुणगुणण्याचं सांगितलं नाही.

"सैनिक?" रशियन आजी म्हणाल्या. त्यांनी तबकडी पुसून परत मिस्टर एक्सच्या कव्हरात सरकवली. "मला इतकी वर्षं वाटायचं, ते एखादं फूल असेल."